उकिरड्याचे पांग फेडताना

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. दैन्यात दिवस काढणाऱ्याला धीर देण्यासाठी ती आजही वापरली जाते. म्हणीचा आशय कितीही दिलासादायक असला, तरी खऱ्याखुऱ्या उकिरड्याच्या बाबतीत ती लागू पडत नाही. उघड्यावर पडलेल्या शेणाला एवढी दीर्घ प्रतीक्षा परवडणारी नसते. उन्हात, पावसात आणि वाऱ्यात पडलेला शेणाचा ढीग पहिल्या काही दिवसांतच आपले धन गमावू लागतो. त्यातील नत्र वायुरूपाने उडून जाते, पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत झिरपते, आणि ढिगाच्या पोटात कोंडलेल्या भागातून मिथेन हा वायू वातावरणात मिसळत राहतो. शेतकऱ्याच्या पदरी उरतो तो भुसभुशीत, काळपट, परंतु बराचसा निःसत्त्व झालेला गाळ.

भारतीय ग्रामजीवनात शेणाला नेहमीच मानाचे स्थान लाभले. अंगणातील सडासंमार्जन, भिंती-जमिनींचे सारवण, चुलीतील गोवऱ्या आणि शेतातील खत अशा चारही वाटांनी ते घरात नांदले. चिऊ-काऊच्या गोष्टीतील काऊचे घर तर शेणाचेच होते. पहिल्याच पावसात ते वाहून गेले, ही त्या गोष्टीतील गंमत लहानपणी सर्वांनी ऐकलेली असते. शेणाची साठवण हा किती नाजूक विषय आहे, हे त्या बालकथेने नकळत सांगून ठेवले आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

धन किती आणि कसे?

सन २०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशीय जनावरे आणि सुमारे १० कोटी ९८ लाख म्हशी होत्या. एक मोठी गाय दिवसाकाठी साधारणतः १० किलो, तर म्हैस सुमारे १५ किलो शेण देते, असा ढोबळ हिशेब धरला जातो. दहा म्हशींच्या एका मध्यम गोठ्याचा विचार केला, तर दररोज १५० किलो आणि वर्षभरात जवळपास ५५ टन शेण जमा होते. ताज्या शेणात नत्राचे प्रमाण ०.३ ते ०.४ टक्क्यांच्या आसपास असते. कमीत कमी प्रमाण धरले तरी या गोठ्यातील शेणात वर्षाला १६५ किलो नत्र असते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असते. याचा अर्थ असा, की दहा म्हशींच्या गोठ्यामागे युरियाची किमान आठ पोती दरवर्षी निर्माण होत असतात. यात गोमूत्राचा हिशेब धरलेला नाही. जनावर जेवढे नत्र शरीराबाहेर टाकते, त्यापैकी निम्मे किंवा त्याहून अधिक मूत्रावाटे जाते. शिवाय शेणासोबत जमिनीला जो सेंद्रिय कर्ब मिळतो, तो कोणत्याही पोत्यात विकत मिळत नाही.

हे धन जाते कोठे, हे समजण्यासाठी उकिरड्याच्या पोटात डोकावावे लागेल.

ढिगाच्या पोटातील रसायन

उकिरड्यातून मुख्यत्वे तीन वायू बाहेर पडतात: मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि अमोनिया. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत आणि म्हणूनच त्यांच्यावरील उपायही वेगळे आहेत.

जेथे हवा पोहोचत नाही अशा ओल्या, दाबल्या गेलेल्या शेणात काही विशिष्ट सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करून मिथेन तयार करतात. शंभर वर्षांचा कालावधी धरला तर मिथेनची उष्णता रोखण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, आणि वीस वर्षांचा कालावधी धरला तर सुमारे ८० पट मानली जाते. ऊब आणि ओल या दोन गोष्टी या सूक्ष्मजीवांना विशेष मानवतात. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या, अर्थात आयपीसीच्या, २००६ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही बाब आकड्यांत मांडली आहे. उष्ण प्रदेशात शेण पाण्यात कालवून उघड्या टाक्यांत साठविले, तर त्यातून निघू शकणाऱ्या एकूण मिथेनपैकी ८० टक्क्यांपर्यंत मिथेन बाहेर पडतो. तेच शेण घट्ट, कोरड्या ढिगाच्या रूपात ठेवले तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास राहते. शेण तेच, जनावर तेच, केवळ साठवणीची रीत बदलली, की परिणामात एवढी तफावत पडते.

नायट्रस ऑक्साइड हा याहूनही प्रखर वायू. त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे. ढिगात जेथे हवेशीर आणि हवाबंद असे दोन्ही भाग शेजारी-शेजारी नांदतात, तेथे नत्राची रूपांतरे होत असताना हा वायू निसटतो. त्याचे वजन अल्प असले तरी प्रभाव मोठा असतो.

अमोनियाची कथा निराळी आहे. तो स्वतः हरितगृह वायू नव्हे. मूत्रातील युरिया आणि शेणातील युरिएज नावाचे विकर एकत्र आले, की काही तासांतच अमोनिया तयार होऊ लागतो. सकाळी गोठ्यात शिरताच डोळ्यांना जी चुरचुर जाणवते, ती त्याचीच. हवेत गेल्यावर तो कारखान्यांच्या व वाहनांच्या धुरातून निघालेल्या आम्लांशी संयोग पावून अतिसूक्ष्म कण बनतो. श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या धूलिकणांत या कणांचा वाटा मोठा असतो. उपग्रहांच्या निरीक्षणांत गंगेच्या मैदानावरील हवेतील अमोनियाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक असल्याचे दिसून आले आहे. रासायनिक खते आणि पशुधन हे त्याचे दोन प्रमुख स्रोत होत. हा अमोनिया पुन्हा जमिनीवर उतरला, की त्याच्या काही भागाचे नायट्रस ऑक्साइड होते. म्हणजे अमोनिया दारातून बाहेर पडतो आणि हरितगृह वायूचे रूप घेऊन खिडकीतून परत येतो.

येथे प्रमाणाचे भान राखणे आवश्यक आहे. पशुधनापासून होणाऱ्या उत्सर्जनात सर्वांत दृश्य वाटा जनावरांच्या रवंथातून, म्हणजे पचनक्रियेतून निघणाऱ्या मिथेनचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील पशुधन क्षेत्राच्या एकूण उत्सर्जनात शेण-मूत्राच्या साठवणीचा वाटा सुमारे १० टक्के होता. वाटा लहान असला तरी जनावराच्या पोटातील क्रियेपेक्षा गोठ्यामागच्या ढिगावर माणसाचे नियंत्रण कितीतरी अधिक आहे. आणि येथे वाचविलेला प्रत्येक किलो नत्र शेतकऱ्याच्याच शेतात परत जातो.

इंदूरचा वारसा

शेणाची शास्त्रशुद्ध साठवण हा विषय भारताला नवा नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत शेण, काडीकचरा आणि माती यांपासून खत बनविण्याची पद्धती विकसित केली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. या कार्यात यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या, शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीने वाड यांचेही नाव आहे. शेणाचा ढीग थरांनी रचावा, त्यात कोरडा पालापाचोळा मिसळावा, ओल राखावी आणि ठरावीक अंतराने तो वरखाली करून त्यात हवा खेळती ठेवावी, हे या पद्धतीचे सार. त्या काळी मिथेनची चिंता कोणाला नव्हती. तथापि हवा खेळती ठेवली की मिथेन घटतो, हे आजचे विज्ञान त्या जुन्या पद्धतीलाच दुजोरा देते.

याच परंपरेतील पुढचे नाव यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांचे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत जमिनीवर विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाके बांधतात. भिंतींत जागोजागी छिद्रे ठेवतात, जेणेकरून हवा आतपर्यंत पोहोचावी. सुमारे दीड टन काडीकचरा, गाळलेली माती आणि केवळ ९० ते १०० किलो शेण एवढ्या सामग्रीवर तीन-चार महिन्यांत उत्तम खत तयार होते. टाके भरल्यावर वरून शेणमातीने लिंपून घेतात. कमी शेणात अधिक खत हे या पद्धतीचे मूळ आकर्षण. परंतु ओल, हवा आणि वरचे लिंपण या तिन्हींचा मेळ साधल्यामुळे वायुरूपाने होणारी हानीही तिच्यात कमी होते, हा तिचा दुसरा, तितकाच मोलाचा गुण होय.

मिथेन वाया न घालविता

मिथेन तयार होऊ न देणे हा एक मार्ग, तर तो बंद टाकीत मुद्दाम तयार करून इंधन म्हणून वापरणे हा दुसरा मार्ग. १८९७ साली मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रयगृहात मैल्यापासून निघणारा वायू वापरात आणल्याची नोंद सापडते. १९३९ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायूनिर्मितीचे प्रयोग केले. १९५०च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र घडविले आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते स्वीकारून देशभर पोहोचविले. १९८४ साली आलेल्या ‘दीनबंधु’ या घुमटाकार संयंत्राने बांधकामाचा खर्च आणखी उतरविला. १९८१-८२ पासून राबविण्यात आलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतून देशात पन्नास लाखांच्या आसपास घरगुती संयंत्रे उभी राहिली आणि त्यात महाराष्ट्र अग्रभागी राहिला.

या संयंत्राचे गणित सोपे आहे. सुमारे २५ किलो शेणापासून एक घनमीटर जैववायू मिळतो. त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. एक घनमीटर जैववायू म्हणजे ०.४३ किलो स्वयंपाकाचा गॅस किंवा सुमारे साडेतीन किलो सरपण. चार-पाच जनावरांच्या कुटुंबाला दोन घनमीटरचे संयंत्र पुरते. ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी दररोज कालवून घातले, तर महिन्याकाठी सुमारे २६ किलो गॅसची, म्हणजे जवळपास पावणेदोन सिलिंडरची भरपाई होते. हिवाळ्यात वायू कमी मिळतो, हे मात्र गृहीत धरावे लागते. चुलीपुढे गोवऱ्यांच्या धुरात बसणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांचा आणि छातीचा हिशेब या गणितात मांडता येत नाही, पण तोच कदाचित सर्वांत मोठा लाभ असेल.

दोन सावधगिरीच्या सूचना

गोबरगॅस संयंत्र बांधले म्हणजे काम संपले, असा समज अनेकदा आढळतो. तो दोन कारणांनी घातक आहे.

पहिले कारण गळतीचे. घुमटाला तडा गेला, नळीचा सांधा सैल झाला किंवा वायू वापरला न गेल्याने तो बाहेर सुटू लागला, तर बंद टाकीत जाणीवपूर्वक तयार केलेला मिथेन थेट वातावरणात जातो. उघड्या, कोरड्या उकिरड्यातून जेवढा मिथेन निघाला असता, त्याहून तो अधिक भरू शकतो. गळके संयंत्र हे संयंत्र नसण्यापेक्षाही वाईट ठरते. साबणाच्या पाण्याचा फेस सांध्यांवर लावून बुडबुडे येतात का हे पाहणे, ही तपासणी कोणत्याही घरात विनाखर्च करता येते. कुटुंबाच्या गरजेपेक्षा मोठे संयंत्र बांधण्याचा मोहही म्हणूनच टाळावा.

दुसरे कारण बाहेर पडणाऱ्या स्लरीचे. संयंत्रात शेणातील नत्र नष्ट होत नाही. उलट त्याचा बराच भाग अमोनियाच्या रूपात येतो आणि स्लरीची अल्कता किंचित वाढते. पिकांच्या दृष्टीने हे उत्तमच, कारण असे नत्र मुळांना लवकर उपलब्ध होते. परंतु हीच स्लरी उघड्या खड्ड्यात उन्हात वाळत ठेवली, तर ते नत्र ताज्या शेणापेक्षाही वेगाने उडून जाते. म्हणजे मिथेनची समस्या सुटली आणि अमोनियाची वाढली, असा उफराटा प्रकार होतो. स्लरी सावलीत, झाकलेल्या कुंडात ठेवणे. पाचट, भुसा किंवा पालापाचोळा यांच्या थरांत ती मुरविणे. अथवा सायंकाळच्या वेळी पाण्याबरोबर थेट शेतात देऊन मातीआड करणे, हे त्यावरील साधे उपाय होत.

एका वायूला आवरताना दुसरा सुटू नये, ही दृष्टी या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. कंपोस्टचा ढीग वारंवार उलथल्याने मिथेन घटतो, पण अमोनिया उडतो. म्हणून ढिगात पुरेसा कोरडा, कर्बयुक्त काडीकचरा असावा लागतो. कर्ब व नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे राखले, तर सूक्ष्मजीव नत्र आपल्या शरीरात बांधून ठेवतात आणि ते हवेत जात नाही.

सागरापलीकडील धडा

शेणाच्या साठवणीकडे दुर्लक्ष झाले तर प्रश्न कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण युरोपात पाहावयास मिळते. नेदरलँड्ससारख्या चिमुकल्या देशात पशुधनाची दाटी मोठी. तेथील राज्य परिषदेच्या न्यायपीठाने २९ मे २०१९ रोजी नत्रप्रदूषणाला परवानगी देणारी सरकारी व्यवस्था अवैध ठरविली. हजारो बांधकामे व प्रकल्प त्यामुळे अडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यांवर उतरले. डेन्मार्कने वेगळी वाट धरली. तेथे शेणकाल्याच्या टाक्या झाकलेल्या असाव्या लागतात किंवा त्यांवर नैसर्गिक साय धरलेली असावी लागते. काही ठिकाणी शेणकाल्यात आम्ल मिसळून त्याची अल्कता उतरवितात. त्यामुळे अमोनियाबरोबर मिथेनही रोखला जातो. पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर आकारण्याचा निर्णयही त्या देशाने २०२४ मध्ये घेतला.

झाकणाचे महत्त्व किती, याचे मोजमाप तेथे झाले आहे. उघड्या टाकीच्या तुलनेत घट्ट झाकणाने अमोनियाचे उत्सर्जन सुमारे ८० टक्क्यांनी, तरंगत्या प्लास्टिकच्या आच्छादनाने ६० टक्क्यांनी आणि पृष्ठभागावर धरलेल्या सायीने ४० टक्क्यांनी घटते, असे युरोपातील मार्गदर्शिका नमूद करतात. भारतीय गोठ्याला आम्ल मिसळण्याची यंत्रे परवडणार नाहीत व त्यांची आवश्यकताही नाही. पण ‘झाकून ठेवा’ हा धडा मात्र ताडपत्रीच्या किमतीत अमलात आणता येण्याजोगा आहे.

सहकाराची जोड

एकेका कुटुंबाला जे जड जाते ते सहकाराने हलके होते, हा श्वेतक्रांतीचा अनुभव आहे. दुधासाठी सहकार उभारणाऱ्या गुजरातेतील आणंद जिल्ह्यात आता शेणासाठीही सहकार उभा राहिला आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकाराने मुजकुवा आणि झकरियापुरा या गावांत पशुपालक महिलांच्या दारी लहान जैववायू संयंत्रे बसविण्यात आली. वायू चुलीला मिळतो आणि उरलेली स्लरी संकलित होऊन तिच्यापासून खते तयार केली जातात. दुधाचे माप जसे दररोज लिहिले जाते, तसे स्लरीचेही लिहिले जाऊ लागले, ही एक लहानशी क्रांतीच म्हटली पाहिजे. या कार्याच्या विस्तारासाठी मंडळाने २०२२ मध्ये ‘मृदा’ नावाची स्वतंत्र कंपनीही स्थापन केली.

बनासकांठा जिल्ह्यातील डीसानजीक तेथील दूध संघाने उभारलेला प्रकल्प मोठ्या आकाराचा आहे. आसपासच्या पशुपालकांकडून विकत घेतलेले सुमारे ४० टन शेण प्रतिदिन पचविण्याची त्याची क्षमता आहे. शुद्ध करून दाबाखाली भरलेला वायू वाहनांना पुरविला जातो आणि उरलेल्या अंशाचे खत होते. शेण विकून रोख रक्कम मिळू लागली, की ते उघड्यावर पडू देण्याचा प्रश्नच उरत नाही.

शहरांतील तबेल्यांची स्थिती मात्र चिंतेची आहे. जागा तोकडी, शेत दूर आणि पाणी मुबलक, यामुळे शेण धुऊन गटारात सोडण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी जडली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धशाळा व गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शेण नाल्यात न सोडता त्याचे खत वा जैववायू करावा, अशी त्यांची भूमिका आहे. पाण्याने धुण्याआधी शेण फावड्याने उचलून घेणे, ही त्यातील पहिली आणि बिनखर्चाची पायरी. जेवढे पाणी कमी, तेवढा मिथेन कमी.

बँकेच्या टेबलावरील शेण

या साऱ्याचा बँकेशी संबंध काय, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध निकटचा आहे. दहा म्हशींसाठी कर्ज मंजूर होते तेव्हा प्रकल्प अहवालात जनावरांची किंमत, गोठ्याचे बांधकाम, चारा, औषधोपचार, विमा आणि दुधाचे उत्पन्न यांचा तपशीलवार ताळेबंद असतो. वर्षाला तयार होणाऱ्या ५५ टन शेणासाठी मात्र बहुधा एकच ओळ असते आणि तीही ‘खताची विक्री’ म्हणून अंदाजाने भरलेली. जनावरासाठी दिलेले प्रत्येक कर्ज हे त्याच्या शेणासाठीही दिलेले कर्ज असते, ही जाणीव कर्जदार आणि अधिकारी या दोघांनीही बाळगणे हिताचे आहे.

धोरणांची दिशाही तीच आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये ‘गोबरधन’ योजना सुरू केली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी दाबाखालील जैववायूसाठी ‘सतत’ हा उपक्रम जाहीर झाला. रिझर्व्ह बँकेने ४ सप्टेंबर २०२० रोजी प्रसृत केलेल्या सुधारित सूचनांद्वारे दाबाखालील जैववायू संयंत्रांसाठीची कर्जे अग्रक्रम क्षेत्रात अंतर्भूत केली. २०२० मध्येच आलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद करण्यात आली. पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधीतही पशुधनाच्या टाकाऊ पदार्थांपासून संपत्तीनिर्मिती करणाऱ्या प्रकल्पांचा समावेश झाला. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात. म्हणून प्रस्ताव तयार करण्यापूर्वी आपल्या शाखेतील कृषी अधिकाऱ्यांकडून त्या समजून घेणे श्रेयस्कर.

दहा म्हशींच्या त्याच गोठ्याचा विचार पुन्हा करू. रोजच्या १५० किलो शेणापैकी ५० किलो दोन घनमीटरच्या संयंत्रात जाईल आणि घरची चूल पेटवील. उरलेले १०० किलो शेण व संयंत्राची स्लरी पाचटाबरोबर थरांनी रचून, सावलीत व ताडपत्रीखाली मुरेल. गोठ्याच्या जमिनीला हलका उतार देऊन मूत्र वेगळ्या नालीने कुंडात जमा होईल, म्हणजे शेण आणि मूत्र यांची भेट लांबेल व अमोनियाही कमी बनेल. या व्यवस्थेत कर्जाचा एक लहानसा हिस्सा विटा, सिमेंट, नळ्या आणि ताडपत्री यांवर खर्च होईल. त्यातून वाचणारा गॅस, घटणारे खत-बिल आणि सुधारणारी जमीन यांमुळे हप्ता फेडण्याचे बळ वाढेल. आकाशाचे कर्ज फिटेल ते वेगळेच.

शाखेतून गोठ्याच्या पाहणीसाठी जाणारे अधिकारी म्हशींच्या कानातील बिल्ले तपासतात, गव्हाण पाहतात, दूध-संकलनाची पुस्तिका चाळतात. तसेच चार पावले पुढे जाऊन गोठ्याची मागील बाजूही त्यांनी आवर्जून पाहावी. तेथील ढीग उघडा आहे की झाकलेला, ओला-चिंब आहे की नीट रचलेला, संयंत्राच्या चुलीवर निळी ज्योत जळते आहे की ती केव्हाच विझून गेली आहे, या तीन-चार गोष्टी त्या कुटुंबाच्या व्यवसायाविषयी बरेच काही सांगून जातात.

उकिरड्याचे पांग फिटण्यासाठी बारा वर्षे थांबण्याचे कारण नाही. एक सावली, एक झाकण, थोडे पाचट आणि रोजच्या पंधरा मिनिटांची शिस्त एवढे भांडवल त्याला पुरेसे आहे. ते एकदा गुंतविले, की परतावा पुढच्याच हंगामात, पिकाच्या हिरवेपणात दिसू लागतो.